नोंदीची वेळ कोणी लिहावी?

कित्येक शाळांचे प्रवेश-अर्ज आतां संगणकावर भरले जातात. जागा एक आणि अर्ज दोन, तर आधींचा कोणता? अर्जदाराच्या यंत्रांतील घड्याळ मागेंपुढें असूं शकतें. म्हणून अर्ज सांठविणाऱ्या डेटाबेसनेंच वेळ लिहावी, असें आम्ही म्हणतों. त्यांत ‘क्रिएटेड अ‍ॅट’ हा रकाना करून, प्रत्येक नव्या नोंदींत ‘करंट टाइमस्टॅम्प’, म्हणजे त्या क्षणाची वेळ, आपोआप भरण्याची आज्ञा द्यावी. अर्जांतून आलेली वेळ मात्र स्वीकारूं नये. नाहीं तर तीच नोंदली जाईल. वेळ यूटीसी या जागतिक मानानें ठेवावी व येथें दाखवितांना ५ तास ३० मिनिटें मिळवावीं. दुरुस्तीची वेळ निराळ्या रकान्यांत जावी. पहिली कधींहि बदलूं नये. ज्याला लाभ, त्याच्या हातीं घड्याळ नसावें. मगच मागें राहिलेल्यासहि निकाल मान्य होतो.