रायपूरच्या उन्हात वर्षावनातला निवडुंग

निवडुंग म्हणताच कोरडा माळ आणि कडक ऊन डोळ्यांपुढे येते. ड्रॅगन फ्रूट हाही निवडुंगच असल्याने तो कितीही ऊन सोसेल, असा समज रूढ आहे. या समजातून उघड्या शेतात केलेली लागवड उन्हाळ्यात भाजते आणि पावसाळ्यात कुजते.

हा वेल मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील उष्ण कटिबंधीय वनांतला. तेथे तो हवाई मुळांनी वृक्षांना धरून चढतो आणि बेचक्यांत साचलेल्या पालापाचोळ्यातून ओलावा व पोषण घेतो. आधारवृक्षाचा अन्नरस तो शोषत नाही. म्हणून तो बांडगूळ नव्हे, अपिवनस्पती होय. महाराष्ट्रात घरोघरी ‘ब्रह्मकमळ’ या नावाने लावले जाणारे एपिफायलम हेही अशाच सवयीचे. हिमालयातील ब्रह्मकमळ निराळे.

रायपूर परिसरात मे महिन्यात तापमान 42 अंश सेल्सिअसच्या वर जाते. गोंदिया जिल्ह्यातही स्थिती फारशी वेगळी नाही. विरळ सावलीला सरावलेले खोड अशा उन्हात पिवळे पडते. दुबळ्या झालेल्या खोडावर पुढे पावसाळ्यात नियोसायटॅलिडियम डायमिडिएटम या बुरशीचे डाग पसरतात. भारी ‘कन्हार’ जमिनीत पाणी साचल्यास मुळेही कुजतात.

फुलांचा स्वभावही वनातलाच आहे. मोठे पांढरे फूल सायंकाळनंतर उमलते आणि दुसऱ्या सकाळी मिटते. मूळ प्रदेशात वटवाघळे व हॉक पतंग त्याचे परागीभवन करतात. आपल्याकडे पहाटेच्या मधमाश्या मोलाच्या ठरतात. लाल गराच्या अनेक वाणांना स्वतःचे पराग चालत नाहीत. त्यांच्या फुलांवर मधमाश्या आल्या नाहीत, तर फळधारणा घटते.

म्हणून एप्रिलपासून पाऊस सुरू होईपर्यंत 30 ते 50 टक्के सावली देणारी जाळी लावावी, अथवा पश्चिमेस शेवग्यासारखी विरळ सावलीची झाडे राखावीत. लागवड उंच गादीवाफ्यावर करावी. रोगट खोड निर्जंतुक कात्रीने छाटून बागेबाहेर नष्ट करावे. बागेत एकाहून अधिक वाण लावावेत. मधमाश्या कमी असल्यास रात्री मऊ कुंचल्याने पराग द्यावेत. फुलोरा टप्प्याटप्प्याने येतो. कीटकनाशकाची गरज पडल्यास फवारणी दोन बहरांच्या मधल्या काळातच करावी. उमललेल्या फुलांवर ती कदापि करू नये.