उबवणी यंत्राची निगा : एकवीस दिवसांची जबाबदारी

खुडूक बसलेली कोंबडी आपल्या ग्रामीण जीवनाला नवी नाही. घराच्या एका कोपऱ्यात भुसा पसरलेली पाटी, तीत मांडलेली दहा-बारा अंडी, त्यांवर पिसे फुलवून बसलेली कोंबडी आणि एकविसाव्या दिवशी तिच्या पंखांखालून डोकावणारी पिले हे दृश्य अनेकांनी बालपणी पाहिलेले असते. कोणी न शिकवता ही कोंबडी चार कामे चोख पार पाडते. ती अंड्यांना सारखी ऊब देते, चोचीने ती वारंवार फिरवते, अंगाखालचा ओलावा टिकवते आणि दाण्यापाण्यासाठी थोडा वेळ उठून अंड्यांना मोकळी हवा लागू देते.

उबवणी यंत्र हीच चार कामे करते. त्यामुळे यंत्रातील कोणताही बिघाड म्हणजे या चारांपैकी एखाद्या कामात पडलेला खंड होय. ही गोष्ट ध्यानी घेतली तर यंत्रशास्त्राचे शिक्षण न घेतलेल्या व्यक्तीलाही दोष शोधून काढणे अवघड जात नाही.

परसातील कुक्कुटपालन करणारी कुटुंबे आणि महिला बचत गट यांच्या हाती आज लहान आकाराची उबवणी यंत्रे आली आहेत. परंतु पिठाची गिरणी बंद पडली की तत्क्षणी कळते, तसे येथे घडत नाही. यंत्राचा दिवा चालू असतो, पंखा फिरत असतो, आणि तरीही आत गर्भ मरत असतात. झालेली चूक एकवीस दिवसांनी उघड होते. तोवर अंड्यांची किंमत, विजेचा खर्च आणि तीन आठवड्यांचे श्रम हातचे गेलेले असतात. म्हणूनच या यंत्राच्या बाबतीत दुरुस्तीपेक्षा निगेला अधिक महत्त्व आहे.

चार मोजमापे

कोंबडीच्या अंड्यांसाठी पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस तापमान लागते. पंखा नसलेल्या यंत्रात गरम हवा वर साचते. म्हणून तेथे अंड्यांच्या वरच्या पातळीवर तापमापक ठेवून सुमारे ३८.५ अंश तापमान राखावे. पहिले अठरा दिवस सापेक्ष आर्द्रता ५० ते ५५ टक्के आणि अखेरचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के असावी. ओल्या वातीच्या तापमापकावर हे आकडे अनुक्रमे सुमारे २९ आणि ३२ अंश असे दिसतात.

अंडी रुंद टोक वर करून ठेवावीत. स्वयंचलित यंत्रात ती सामान्यतः दर तासाला ४५ अंशांच्या कोनात कलतात. हाताने फिरवायची असल्यास दिवसातून किमान तीन, शक्य तर पाच वेळा फिरवावीत. फेऱ्यांची संख्या विषम ठेवल्यास रात्रीच्या दीर्घ वेळेत अंडे रोज त्याच कुशीवर राहत नाही. अठराव्या दिवसानंतर फिरवणे थांबवावे. चौथे काम हवेचे. गर्भ वाढू लागला की त्याची प्राणवायूची गरज वाढते, म्हणून झरोके पूर्ण बंद ठेवू नयेत.

जागा आणि पूर्वतयारी

बहुतेक लहान यंत्रे हवा गरम करू शकतात, थंड करू शकत नाहीत, ही मर्यादा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. विदर्भातील मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या यंत्रात तापमान आपोआप मर्यादेबाहेर जाते आणि त्यात यंत्राचा काहीच दोष नसतो. अशा वेळी जाड भिंतींची, सावलीतील, खेळती हवा असलेली खोली निवडणे हाच उपाय होय. याउलट कोकणात पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट असते. तेथे पाण्याची पसरट भांडी कमी करावी लागतात. दोन्ही ठिकाणी एकच नियम डोळे मिटून पाळणे हिताचे नाही.

अंडी ठेवण्यापूर्वी यंत्र २४ तास रिकामे चालवून पाहावे. या अवधीत तापमान स्थिर राहते किंवा नाही, तबके पूर्ण कलतात किंवा नाही, दाराच्या रबरी पट्टीतून हवा निसटते किंवा नाही, हे तपासावे. पट्टीत कागद धरून दार लावावे. कागद सहज ओढला गेला तर पट्टी सैल झाली असे समजावे.

तापमापकाची परीक्षा घरच्या घरी घेता येते. ताप मोजण्याचा विश्वासू तापमापक आणि यंत्राचा तापमापक सुमारे ३८ अंशांच्या कोमट पाण्यात शेजारी शेजारी धरावेत व पाणी ढवळत राहावे. दोहोंत अर्ध्या अंशाचाही फरक आढळल्यास तो यंत्रावर लिहून ठेवावा किंवा तापमापक बदलावा. अंकदर्शक पडदा असलेल्या यंत्रांनाही ही परीक्षा चुकत नाही, कारण झळकणारा आकडा बरोबर असेलच असे नाही.

दैनंदिन दोष आणि त्यांचे निवारण

तापमान चढत असल्यास प्रथम पंखा पाहावा. पंखा मंदावला की एका कोपऱ्यात उष्णता साचते आणि दुसरा थंड राहतो. पंखा ठीक असेल, तर थर्मोस्टॅटचा रिले चिकटला असण्याचा संभव असतो. तापमान पुरेसे झाल्यावरही हीटर बंद होत नसेल, तर हे त्याचे लक्षण होय. अशा वेळी वीजपुरवठा तोडून जाणकार तंत्रज्ञाकडून रिले बदलून घ्यावा. मर्यादा ओलांडताच घंटा वाजवणारा दुसरा स्वतंत्र थर्मोस्टॅट बसवल्यास संपूर्ण खेप वाचू शकते.

आर्द्रतेचा आकडा संशयास्पद वाटल्यास ओल्या वातीकडे पाहावे. क्षारयुक्त पाण्याने वात कडक होते, पाणी शोषत नाही आणि तापमापक आर्द्रता आहे त्यापेक्षा अधिक दाखवू लागतो. वात सुती असावी, प्रत्येक खेपेला बदलावी आणि तिच्यासाठी शक्यतो ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. वजनकाटा हा आर्द्रतेचा आणखी एक विश्वासू साक्षीदार आहे. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन ११ ते १३ टक्के घटले पाहिजे. म्हणजे ५५ ग्रॅमचे अंडे सुमारे ६ ते ७ ग्रॅमने हलके व्हावे. घट याहून कमी असल्यास ओलावा जास्त आणि अधिक असल्यास ओलावा अपुरा समजावा.

तबके कलत नसतील तर मोटर, दातेरी चाके आणि कल थांबवणारा खटका यांची पाहणी करावी. यंत्राला भूसंपर्क असल्याची खात्री करून घ्यावी. पाण्याची भांडी आणि वीज यांचे येथे सान्निध्य असल्याने स्वच्छतेच्या वेळी वीज तोडल्याशिवाय आत हात घालू नये.

वीज गेल्यास

खंडित वीजपुरवठ्याची धास्ती अनेकांना वाटते, पण थंडीपेक्षा अतिउष्णता गर्भाला अधिक घातक असते. पहिल्या आठवड्यात वीज गेल्यास दार उघडू नये व यंत्रावर घोंगडी पांघरावी. मात्र झरोके पूर्ण झाकू नयेत. अखेरच्या आठवड्यात परिस्थिती उलट होते. मोठ्या गर्भांच्या अंगची उष्णता पुष्कळ असते आणि पंखा थांबला की वरच्या तबकातील अंडी तापू लागतात. तेव्हा तापमापकावर लक्ष ठेवून दार किंचित किलकिले करावे. वीज बराच काळ नव्हती म्हणून अंडी लगेच फेकू नयेत. चार दिवसांनी ती उजेडात धरून पाहावीत. अशा खेपेची पिले थोडी उशिरा निघू शकतात.

न उबलेले अंडे काय सांगते

पिले निघाल्यावर उरलेली अंडी उकिरड्यावर टाकण्याची घाई होते. वास्तविक प्रत्येक न उबलेले अंडे हा यंत्राचा लेखी जबाब आहे. ते फोडून पाहावे.

आत केवळ स्वच्छ बलक असल्यास अंडे बहुधा वांझ. येथे दोष कळपाचा असतो. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक निरोगी नर आहे काय, हे पाहावे. रक्ताचे कडे दिसल्यास गर्भ पहिल्या काही दिवसांत मेला. अंडी फार दिवस साठवली गेली किंवा आरंभी तापमान बिघडले, अशी शंका घ्यावी. उबवणीची अंडी १५ ते १८ अंश तापमानात आणि सात दिवसांच्या आत वापरावीत. पूर्ण वाढलेले पिलू कवच न टोचता मेले असल्यास ओलावा, हवा आणि फिरवणे यांच्या नोंदी तपासाव्यात. कवच टोचून पिलू आतच सुकले असल्यास अखेरच्या तीन दिवसांत दार वारंवार उघडले गेले काय, हे स्वतःला विचारावे. पिले वेळेपूर्वी निघून बेंबी कच्ची राहिली तर तापमान जास्त आणि उशिरा निघाली तर तापमान कमी होते, असा सर्वसाधारण निष्कर्ष निघतो.

या जबाबाला हिशेबाची जोड द्यावी. समजा, २०० अंडी ठेवली, सातव्या दिवशी ३० वांझ निघाली आणि अखेरीस १३६ पिले मिळाली. एकूण अंड्यांवर हे प्रमाण ६८ टक्के येते, पण १७० फलित अंड्यांवर ते ८० टक्के ठरते. पहिला आकडा तेवढा पाहणारा सारा दोष यंत्राच्या माथी मारील. दुसरा आकडा पाहणाऱ्याला कळेल की, निम्म्याजवळचे नुकसान यंत्रात अंडी ठेवण्यापूर्वीच झाले होते.

खेपेनंतरची सफाई

पिले काढल्यावर कवचे, पिसांचा भुगा आणि विष्ठा त्याच दिवशी काढावी. भुगा ओला करून पुसावा. तो कोरडा झाडल्यास खोलीभर उडतो आणि त्यासोबत रोगजंतूही पसरतात. तबके व भांडी साबणाच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावीत. फॉर्मॅलिनच्या धुरीचा वायू विषारी असल्याने पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या मार्गदर्शनाखेरीज ती देऊ नये.

पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. यंत्र घेण्यापूर्वी अशा एखाद्या केंद्राचे काम पाहून येणे लाभदायक ठरेल. मात्र केंद्रातील मोठे यंत्र असो वा घरातील पन्नास अंड्यांची पेटी, तिच्याजवळ एक वही टांगलेली असावी. सकाळ, दुपार, संध्याकाळ तापमान, आर्द्रता, फिरवण्याची वेळ आणि वीज गेल्याची वेळ तीत लिहावी. त्यासाठी दोन मिनिटे पुरतात. एकविसाव्या दिवशी पिले कमी निघाली, तर कोणत्या दिवशी काय चुकले हे या वहीतूनच कळते, आणि पुढची खेप त्याच चुकीपासून वाचते.