वीज गेली तरी जागा न विसरणारी तबकडी

डोळ्यांवर पट्टी बांधून शाळेच्या दारापासून पावले मोजत चालू लागा. पन्नास पावले झाली, की आपण कोठे आहोत हे तुम्ही सांगू शकाल. पण मध्येच कोणी हाक मारली आणि मोजणी चुकली, तर? परत दारापाशी जाऊन सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नाही. बसमधल्या प्रवाशाचे तसे नसते. झोपेतून जागा झाला तरी किलोमीटरचा दगड वाचून तो आपला ठावठिकाणा सांगतो.

कारखान्यातील स्वयंचलित लेथपुढे हाच प्रश्न असतो. तेथील सर्वो नियंत्रक सतत दोन गोष्टी ताडून पाहतो: हत्यार कोठे असायला हवे आणि प्रत्यक्षात कोठे आहे? जो फरक निघेल तो नाहीसा होईपर्यंत तो मोटार फिरवतो. 'कोठे आहे' हे सांगणारा भाग म्हणजे मोटारीच्या आसावर बसवलेला एन्कोडर. साधा एन्कोडर पावले मोजतो. वीज गेली की मोजणी गेली. निरपेक्ष, म्हणजेच अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर मात्र दगड वाचतो.

हा दगड कसा असतो? एका तबकडीवर तीन समकेंद्री पट्टे आखून तिचे आठ समान भाग करा. प्रत्येक भागात पट्ट्यांचे काही तुकडे पारदर्शक, काही काळे. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला तीन प्रकाशसंवेदक. उजेड आला तर १, नाही तर ०. तीन अंकांनी आठ जागांना आठ निरनिराळी नावे मिळाली.

आता गंमत पाहा. नेहमीच्या द्विमान पद्धतीत ३ म्हणजे ०११ आणि ४ म्हणजे १००. तिसऱ्या जागेवरून चौथीवर जाताना तिन्ही अंक बदलतात. ते अगदी एकाच क्षणी बदलतील का? संवेदक केसभर जरी मागेपुढे असले, तरी क्षणभर १११ वाचले जाईल. म्हणजे ७! तबकडीच्या जवळजवळ समोरच्या टोकाची जागा! नियंत्रक बिचारा ते खरे मानणार आणि नसलेली चूक दुरुस्त करण्यासाठी मोटारीला हिसका देणार. हत्याराखाली जॉब असेल तर त्याचे काय होईल, हे सांगायला नको.

यावरील उपाय अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १९४७ साली पेटंटसाठी अर्ज केला. ते १९५३ साली मिळाले. त्यांच्यापुढे लेथ नव्हता, आवाजाचे विद्युत्‌संकेत अंकांत बदलण्याचा प्रश्न होता. ग्रे संकेत तुम्हालाही बनवता येईल. प्रथम लिहा: ००, ०१, ११, १०. त्याखाली आरशातल्याप्रमाणे तीच यादी उलटी लिहा: १०, ११, ०१, ००. पहिल्या चारांमागे ० आणि पुढच्या चारांमागे १ लावा. झाले: ०००, ००१, ०११, ०१०, ११०, १११, १०१, १००. शेजारच्या कोणत्याही दोन संकेतांत एकच अंक वेगळा आहे. शेवटच्यावरून पहिल्यावर येतानाही तसेच. आता सीमारेषेवर वाचन डळमळले, तरी उत्तर ही जागा किंवा शेजारची, याखेरीज येणारच नाही.

पुठ्ठ्यावर ही तबकडी आखून ० चे भाग काळे करा आणि केंद्रापासून पट्टी धरून ती हळूहळू फिरवा. खात्री पटेल. मग आरशाची युक्ती पुन्हा वापरून सोळा भागांची तबकडी करून पाहा.

दहा पट्टे घेतले तर १०२४ जागा होतात. एक जागा सुमारे ०.३५ अंशाची. आज १७ अंकी एन्कोडर सर्रास मिळतात. त्यांच्या एका फेऱ्यात १,३१,०७२ जागा, म्हणजे एका अंशाचे सुमारे ३६४ भाग!

तरी एक अडचण उरतेच. लेथचा स्क्रू कितीतरी फेरे घेतो, आणि तबकडी सांगते ती फक्त एका फेऱ्यातील जागा. कितवा फेरा, हे कसे कळावे? घड्याळात मिनिटकाट्याला तासकाट्याची जोड असते, तशी काही एन्कोडरांत दंतचक्रांनी जोडलेली, सावकाश फिरणारी आणखी एखादी तबकडी असते. दुसऱ्या काही प्रकारांत फेऱ्यांची मोजणी लहानशा बॅटरीवर जिवंत ठेवतात. असे यंत्र बंद असताना बॅटरी संपली, तर फेऱ्यांचा आकडा पुसला जातो आणि कारागिराला यंत्राचा शून्यबिंदू नव्याने ठरवून द्यावा लागतो.