मालवाहू पिकअपची अडखळती मंद चाल : निदान आणि दुरुस्ती

यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू झाली की वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी येथील बाजारपेठांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पिकअप वाहनांची रीघ लागते. एके काळी याच कापसासाठी मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग टाकण्यात आला होता. ‘शकुंतला’ या नावाने ओळखली जाणारी त्यावरील गाडी बंद झाली आणि बैलगाडीही मागे पडली. आज कापूस, भाजीपाला, खते-बियाणे यांची बरीचशी ने-आण पिकअपनेच होते. अनेक ठिकाणची घंटागाडीही याच जातीची असते. अशा वाहनाचे इंजिन उभ्या गाडीत अडखळू लागले, की दोन उपाय सर्रास योजले जातात. चालक ‘स्लो’ वाढवून घेतो, किंवा सर्व नोझल बदलण्याचा सल्ला स्वीकारला जातो. पहिल्या उपायाने दोष झाकला जातो आणि डिझेल अधिक जळते. दुसऱ्याने हजारो रुपयांचे देयक तयार होते आणि दोष कित्येकदा तसाच राहतो.

मंद चालीतच दोष का जाणवतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये ४०० व सर्व मिळून १६०० ज्वलने होतात. एक सिलिंडर निकामी झाला की त्यांपैकी ४०० गळतात. वेगात असताना फिरत्या चाकाचा जोर ही उणीव भरून काढतो. मंद चालीत तो अपुरा पडतो आणि गाडी हादरते. मात्र २००५ साली बाजारात आलेल्या टाटा एससारख्या, लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटलेल्या वाहनाचे मूळ डिझेल इंजिन दोनच सिलिंडरचे होते. त्याचा स्वाभाविक कंप हा दोष समजू नये.

इंजिनाचा आवाज एकसारखा आहे, फेऱ्यांचा काटा स्थिर आहे, पण चालकाची केबिन थरथरते, असे असल्यास इंजिनाखालचे रबर, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘फाउंडेशन’, तपासावे. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी काही मिनिटेच अडखळणे, सोबत पांढरा धूर, आणि इंजिन तापताच सर्व सुरळीत, अशी लक्षणे असतील तर ग्लो प्लग पाहावेत. काळा धूर हवेची टंचाई किंवा इंधनाचा अतिरेक दर्शवितो. कापसाची रुई आणि वणी परिसरातील कोळशाची धूळ यांमुळे हवेची जाळी येथे लवकर कोंदते. निळा धूर दिसल्यास इंजिनात ऑइल जळत आहे आणि काम मोठे आहे.

परंतु सर्वांत अधिक वेळा दोष असतो तो डिझेलच्या वाटेवर. खेड्यात डिझेल पिंपात किंवा कॅनमध्ये साठवले जाते आणि पावसाळ्यात त्यात पाणी शिरते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे व स्थिर ठेवावे. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते. हवेचा दोष याहून फसवा आहे. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जात असते. त्यामुळे तेथे चीर पडली तर चालू गाडीतून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. जागा कोरडी दिसते आणि शोधणारा तेथून पुढे निघून जातो. पंपाच्या अलीकडे थोडा वेळ पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे दिसतात. उन्हाळ्याच्या तापाने तडकलेली रबरी नळी, जुने तांब्याचे वायसर किंवा फिल्टरचे रबरी कडे, एवढाच खर्च बहुधा येतो.

येथवर काही सापडले नाही, तरच नोझलकडे वळावे. आणि येथे जुन्या व नव्या इंजिनांतील भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनात कारागीर एकेका नोझलच्या नळीचा नट क्षणभर सैल करतो. ज्या नळीने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नव्हता. मग त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरवर बसवावे. दोष नोझलसोबत गेला तर नोझल खराब. मूळ जागीच राहिला तर टॅपेटची फट व दाब मोजावा, कारण तेथे नवे नोझल कितीही बसवले तरी व्यर्थ.

कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात मात्र ही युक्ती कदापि करू नये. टायरमध्ये तीन-चार बार दाब असतो. या नळ्यांत मंद चालीवरही तो शेकडो बार असतो. तेथून सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी हात गमावण्याची पाळी येऊ शकते. अशा वेळी विलंब न लावता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. या इंजिनांत स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची दुरुस्ती-मात्रा वाचता येते, तसेच इंजेक्टरमधून परतणारे डिझेल समान वेळात वेगवेगळ्या बाटल्यांत जमवून तुलना करता येते. ज्याचे परतणे इतरांहून बरेच अधिक, तो झिजलेला. नवा इंजेक्टर बसवल्यावर अनेक वाहनांत त्याचा क्रमांक संगणकात नोंदवावा लागतो. हे राहून गेले तर नवा भाग असूनही गाडी अडखळते.

धूर पुन्हा इंजिनात घेणारी ई. जी. आर. झडप काजळीने उघडी अडकली तरीही मंद चाल बिघडते. ती काढून साफ करता येते. काही ठिकाणी ती पत्रा लावून कायमची बंद केली जाते. हे नियमबाह्य आहेच, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी. एस. ६ मानकाच्या वाहनांत त्यामुळे धोक्याचा दिवा लागून नवेच दुखणे मागे लागते.

ग्रामपंचायतीच्या वाहनाचे देयक मंजुरीसाठी आले असता पुढील गोष्टी विचारण्यास संकोच वाटू नये : कोणता सिलिंडर सदोष होता, तो कोणत्या चाचणीने ठरला, फिल्टर शेवटचा केव्हा बदलला, आणि काढलेले जुने भाग कोठे आहेत. चारही नोझल बदलल्याचे देयक असेल, तर तीन चांगले नोझल का काढले, याचे उत्तर लेखी घ्यावे.