भिगवणला किती एमएम लागतात?

भिगवणचा रस्ता सांगत बसत नाही. पुण्याहून सोलापूर हायवेने साधारण शंभर किलोमीटर, पुढे कुंभारगाव नाहीतर डिकसळ. होडीवाल्याला आदल्या दिवशी फोन करायचा आणि उजाडायच्या आत काठावर हजर व्हायचं. भीमेवर उजनी धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की डोकं वर काढतं. इतिहास एवढाच. बाकीचा होडीवाल्याला विचारा.

बोलायचंय ते लेन्सबद्दल. फेब्रुवारीत आमच्या होडीत मित्राची भाड्याने आणलेली १५०-६०० होती, दोन किलोच्या आसपासची. माझ्याकडे क्रॉप सेन्सरच्या बॉडीवर ७०-३००, वजन अर्धा किलोही नाही. पहिला तासभर मित्राची चंगळ होती. रोहित (फ्लेमिंगो) लांब चरत होते; त्याच्या फोटोत पक्षी दिसत होते, माझ्या फोटोत गुलाबी ठिपके. शेजारच्या होडीतून "दादा, उडवा ना जरा!" असा धोशा चालला होता. थव्यात होडी घालायची, चरणारे पक्षी उठवायचे आणि फोटोखाली 'निसर्गप्रेमी' लिहायचं! त्याच होडीतून कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्यांची मेजवानी चालली होती. रिकामी पिशवी अर्थातच पाण्यात.

ती मंडळी गेली आणि आमच्या मोटरीच्या पंख्यात जुन्या जाळ्याचा तुकडा गुंतला. होडीवाल्या भाऊंनी मोटर वर उचलली आणि विळ्याने एकेक धागा कापायला घेतला. वर आम्हालाच दम दिला, "आता गप बसा. उभं राहायचं न्हाई." पंखा मोकळा झाला, तरी त्यांनी मोटर लावली नाही. बांबू चिखलात रोवून होडी धरून ठेवली. थवा चरत चरत आमच्याच बाजूला सरकत होता, ते त्यांनी आमच्या आधी पाहिलं होतं. बराच वेळ गेला आणि पक्षी पंधरा-वीस मीटरवर आले. चोच उलटी करून चिखलात घातलेली, कडेने पाणी गळतंय, एक पाय जागच्या जागी गाळ ढवळतोय. कॅमेरा उभा धरला तर ३०० एमएमवर अख्खा पक्षी पायांसकट बसत होता. मित्राला १५०पर्यंत मागे येता येत होतं, पण तोवर त्याचे हात भरून आले होते आणि कॅमेरा मांडीवर होता. होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, होडीबरोबर तोही हलतो. त्या दिवशीचे चांगले फोटो मोटर बंद असतानाचे आहेत.

म्हणून पायी फिरणाऱ्याने आधी वजन बघावं आणि मग एमएम. दोन किलोची लेन्स गड चढताना सॅकच्या तळाशी जाते आणि समोर गरुड आला की तळाशीच राहते. 'खरा फोटोग्राफर ६००च्या खाली बघत नाही' असं सांगणारे बहुधा गाडीतून उतरत नाहीत.

हातात क्रॉप बॉडी असेल तर सुरुवात ५५-२५० किंवा ७०-३००ने करा. क्रॉपवर ३०० म्हणजे साधारण ४५० एमएमची चौकट. बजेट थोडं वाढलं तर सिग्मा किंवा टॅमरॉनची १००-४००. सव्वा किलोच्या आत, दिवसभर गळ्यात राहते. कॅननची आरएफ १००-४०० जेमतेम साडेसहाशे ग्रॅमची आहे, पण शेवटच्या टोकाला एफ ८. पहाटे आयएसओ चढवावा लागेल, त्याची तयारी ठेवा. खंड्या, वेडा राघू असले छोटे पक्षी हाच तुमचा नाद असेल तर मात्र १५०-६००ला पर्याय नाही. आधी एका शनिवार-रविवारपुरती भाड्याने आणा, मनगट काय म्हणतं ते बघा. आणि दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागली की ६०० काय आणि लाखोंची लेन्स काय, लांबचा पक्षी धूसरच येणार.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, उलट मी तेच सुचवीन. जाताना स्वतःची बॉडी आणि टॉर्च घेऊन जा. एका बाजूने टॉर्च मारून दुसरीकडून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही उतरवली तरी निघा. झूम दोन्ही टोकांना नेऊन फोकस लावून बघा, स्टॅबिलायझर चालू-बंद करून बघा. निकॉनवाल्यांनी एक खास जपावं: एएफ-पी लेन्स डी९० किंवा डी७०००वर ऑटोफोकस करत नाहीत, उलट मोटर नसलेल्या जुन्या एएफ लेन्स डी३४००, डी३५००वर हातानेच फोकस कराव्या लागतात. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

उडत्या पक्ष्याला शटर १/१६००च्या खाली नेऊ नका. स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, पंख नाही. पावसाळ्यात लेन्स बॅगेत महिनोन्महिने पडू देऊ नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घाला आणि त्याचा रंग बदलला की तापवून कोरडं करा. अधूनमधून लेन्स काढून वापरा.