कार्बनचा क्रँक आणि २१० ग्रॅमचा हिशोब

आपल्या होस्टेलवर सायकलवाले तीन प्रकारचे. लेक्चरला उशीर झाला की दुसऱ्याची सायकल न विचारता नेणारे, हे पहिले. स्वतःची सायकल असून ती पार्किंगमध्ये गंजत ठेवणारे, हे दुसरे. आणि तिसरे आम्ही, म्हणजे रविवारी पहाटे साडेपाचला अख्खी विंग घोरत असताना बोपदेव घाटाकडे निघणारे वेडे. हा लेख तिसऱ्यांसाठी आहे. पण मेकॅनिकलच्या पोरांनीही वाचायला हरकत नाही, कारण सेकंड इयरला जे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स मी फक्त पास होण्यापुरतं वाचलं, ते मला खरं कळलं घाटात.

पेडलपासून सायकलच्या मधल्या आसापर्यंत जो दांडा जातो, तो क्रँक. दोन क्रँक, आस आणि पुढची दातेरी चाकं मिळून क्रँकसेट. माझ्या सायकलचा मूळचा क्रँकसेट ॲल्युमिनियमचा होता. इंटर्नशिपचा स्टायपेंड हातात आला आणि डोक्यात कार्बन शिरला. नामांकित कंपन्यांचे कार्बन क्रँक आपल्या आवाक्याबाहेर, म्हणून त्यातल्या त्यात स्वस्त असा एक मागवला. कोणाचा ते सांगत नाही. काळाभोर, चकचकीत! रूम पार्टनर म्हणाला, "शोकेसमध्ये ठेव, चालवू नकोस." तेव्हा हसलो होतो.

आधी हिशोब बघा. केमिस्ट्री लॅबच्या काट्यावर जुना भरला ८६० ग्रॅम, नवा ६५०. वाचले २१० ग्रॅम. मी आणि सायकल मिळून ८० किलो. म्हणजे बचत पाव टक्क्याच्या आसपास. माझा चढ २४ मिनिटांचा, त्यात फायदा चार सेकंदांहून कमी. हे गणित विकत घेण्याआधी करायचं असतं. मी नंतर केलं.

आता या दांड्यावर भार किती येतो? ६८ किलोचा माणूस पेडलवर उभा राहिला, तर साधारण ६६७ न्यूटन. क्रँकची लांबी १७० मिलीमीटर, म्हणजे आसापाशी सुमारे ११३ न्यूटन-मीटर. पेडल क्रँकच्या बाहेर असतं, पाय दांड्यापासून ६ सेंटीमीटर दूर धरला तर वर ४० न्यूटन-मीटरचा पीळ. म्हणजे बेंडिंग आणि टॉर्शन एकाच वेळी. मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाला ४,८०० वेळा. यालाच फटीग म्हणतात, सर व्हायव्हाला विचारतात तेच.

हा भार पेलायला कार्बन फायबर कमी पडत नाही. कंपोझिटची घनता साधारण १.६, ॲल्युमिनियमची २.७, आणि धाग्यांच्या दिशेनं ताकद भरपूर. पण फक्त धाग्यांच्या दिशेनं! म्हणून बेंडिंगसाठी काही थर लांबीला समांतर आणि पिळासाठी काही ४५ अंशात लावतात. दुसरी गोष्ट, लोखंड आधी वाकतं, मग तुटतं. कार्बनला यील्ड पॉइंट नाही. तो वाकून इशारा देत नाही.

आणि खरी गोम पुढेच आहे. कार्बनमध्ये आटे पाडता येत नाहीत, ते टिकत नाहीत. म्हणून पेडलच्या जागी आणि आसाच्या जागी ॲल्युमिनियमचे बुश घालतात आणि ते इपॉक्सीनं चिकटवतात. म्हणजे तुमचा सगळा भार शेवटी त्या डिंकाच्या पातळ थरातून जातो. त्यातून कार्बन आणि ॲल्युमिनियम थेट टेकले आणि घाम किंवा पावसाचं पाणी शिरलं, की गॅल्व्हॅनिक कोरोजन सुरू होतं आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. चांगला कारखाना मध्ये ग्लास फायबरचा थर देतो. स्वस्तात तो दिलाय की नाही, हे बाहेरून दिसत नाही.

आता माझ्या चुका. मी क्रँक बसवला रात्री ११ ला, कॉरिडॉरच्या दिव्यात, साध्या ॲलन कीनं, हाताच्या अंदाजानं. रविवारी घाटात उभा राहून पेडल मारायला लागलो आणि डाव्या बाजूनं आवाज... टक्, टक्, टक्. परत आलो आणि वर्कशॉपच्या सरांना दाखवलं. सरांनी टूलरूममधून टॉर्क रेंच काढला. डाव्या क्रँकचे दोन बोल्ट. एक ६ न्यूटन-मीटरलाच पुढे फिरला. दुसरा १४ ला जागचा हलला नाही. सर म्हणाले, "अंदाज पोळ्यांचं पीठ मळताना ठीक आहे रे, इथे नाही." मग त्यांनी माझ्याकडून सगळं उलगडून पुन्हा बसवून घेतलं. ती पद्धत इथे देतो. २४ मिलीमीटर स्टीलचा आस आणि आट्यांचं बॉटम ब्रॅकेट असलेल्या सायकलला ती लागू पडते.

१. आधी मापं जुळवा. फ्रेमच्या खालच्या नळीची रुंदी (रोड सायकलला बहुधा ६८ मिलीमीटर), आट्यांचा प्रकार आणि आसाचा व्यास. ३० मिलीमीटरचा आस २४ च्या बेअरिंगमध्ये जाणार नाही, हातोडी मारलीत तरी.

२. नळीतले आटे पुसून ग्रीस लावा. इंग्लिश आट्यांमध्ये उजवी वाटी उलट्या आट्यांची असते, घड्याळाच्या विरुद्ध फिरवली की आवळते. दोन्ही वाट्या आधी हातानं फिरवा. हातानं जात नसेल तर आटे तिरके बसतायत, तिथेच थांबा.

३. आसाला पातळ ग्रीस लावून तो उजवीकडून आत घाला. डावा क्रँक उजव्याच्या बरोबर समोर, १८० अंशात बसवा.

४. टोकाची टोपी फक्त हलणं जाईपर्यंत फिरवा. शिमानोच्या अशा रचनेत तिला ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे बोटांची ताकद. जास्त आवळलीत तर बेअरिंग जड फिरतं आणि लवकर जातं.

५. डाव्या क्रँकचे दोन बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. शिमानोचा आकडा १२ ते १४ न्यूटन-मीटर. पण तुमच्या क्रँकच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. कागदच आला नसेल, तर विकणाऱ्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बसवू नका. १२ न्यूटन-मीटर म्हणजे १० सेंटीमीटरच्या चावीच्या टोकाला सुमारे १२ किलोचा जोर.

६. पेडलच्या आट्यांना ग्रीस लावा. डाव्या पेडलचे आटे उलटे. पेडलचा खांदा कार्बनवर घासत असेल तर मध्ये पातळ वॉशर घाला.

७. हे सगळ्यात महत्त्वाचं. बुश आणि कार्बन यांच्या सांध्यावरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ आडवी ओढा. सांधा जागचा हलला तर रेघ तुटलेली दिसते. पहिल्या ५० किलोमीटरनंतर बोल्टचा टॉर्क पुन्हा बघा, रेघा मात्र दर राइडच्या आधी.

पुढचे दोन रविवार आवाज बंद. मी खूश. तिसऱ्या रविवारी अर्ध्या घाटात पुन्हा टक्. उतरून पाहिलं. बोल्ट घट्ट, टोपी ठीक. डाव्या पेडलच्या बुशवरची रेघ मात्र तुटली होती. एक मिलीमीटर, जास्त नाही. म्हणजे डिंक सुटला होता आणि बुश कार्बनमध्ये फिरत होता. वर चढायचं की खाली जायचं हा प्रश्नच नव्हता, पण उतारावर बसून जायचा मोह झाला हे कबूल करतो. मग डोळ्यासमोर आलं की खड्डा दिसला की आपण आपोआप दोन्ही पेडलांवर उभे राहतो, सगळं वजन पायांवर घेऊन. त्या क्षणी पेडल निघालं तर? सायकल हातात धरून घाट उतरलो. येणारे-जाणारे "पंक्चर का?" विचारत होते. मी "हो" म्हणत होतो.

वर्कशॉपमध्ये सरांना म्हणालो, "सर, इपॉक्सी आहे की आपल्याकडे, चिकटवू का?" सरांनी क्रँक उलटसुलट करून पाहिला आणि एवढंच विचारलं, "चिकटवल्यावर त्यावर तुझ्या धाकट्या भावाला घाटात पाठवशील?" मी क्रँक पिशवीत घातला. पैसे बुडाले, पण दात शाबूत राहिले.

यावरून "स्वस्त म्हणजे वाईट" असा निष्कर्ष काढू नका. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा असाच स्वस्त क्रँक दोन पावसाळे नीट चालतोय, पण तो दर राइडच्या आधी रेघा बघतो. आणि मोठं नाव म्हणजे हमी, असंही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोनं जुलै २०१९ पूर्वी बनवलेले, दोन भाग चिकटवून तयार केलेले हॉलोटेक क्रँक तपासणीसाठी परत बोलावले. एकट्या अमेरिकेत सुमारे ६,८०,०००. भाग सुटल्याच्या ४,५०० हून जास्त घटना, ६ जण जखमी. आणि ते क्रँक कार्बनचे नव्हते, ॲल्युमिनियमचे होते! दगा दिला तो सांध्यानं.

तेव्हा क्रँक घेताना मटेरियलचं नाव विचारा, पण सांधा कसा आहे ते त्याहून जास्त विचारा. आवाज आला तर गाणी मोठी करू नका, उतरून बघा.

माझी सायकल सध्या जुन्या ८६० ग्रॅमच्या क्रँकवर चालते. घाटात चार सेकंद उशीर होतो. कार्बनचा क्रँक खोलीत खिळ्याला टांगलाय, त्यावर टॉवेल छान वाळतो. रूम पार्टनरचं म्हणणं शेवटी खरं झालं. आणि हो, टॉर्क रेंच टूलरूममध्ये रजिस्टरवर सही करून मिळतो. न विचारता सायकल नेणाऱ्यांनी निदान तो तरी विचारून न्यावा!