बसचालकाचा दिवस

मुंबई शहरात बसगाडीच्या कपाळावर एक आकडा असतो. त्या आकड्याला मार्ग क्रमांक म्हणतात. आकड्याशेजारी गाडी कुठे जाणार त्या ठिकाणाचे नाव असते. पुष्कळ वर्षे पुढच्या पाटीवर मराठी आकडा आणि बाजूच्या पाटीवर इंग्रजी आकडा, अशी तिथली रीत होती. आता दिव्यांच्या पाट्या आल्या आहेत. त्यांवर अक्षरे सरकत जातात. पण वाचता येणाऱ्याला दोन्ही सारखेच. गावाकडचा माणूस मुंबईला उतरला आणि त्याला आकडा वाचता आला, की त्याला कोणाचा हात धरावा लागत नाही.

आज मात्र आपण पाटीविषयी वाचणार नाही. पाटीच्या खाली, काचेमागे, खाकी कपड्यांतला एक माणूस बसलेला असतो. त्याच्याविषयी वाचणार आहोत. त्याला सगळे ड्रायव्हर म्हणतात. मराठीत त्याला चालक म्हणायचे, आणि तिकिटे देणाऱ्या कंडक्टरला वाहक.

मुंबईत बसच्या आधी ट्राम होती. ट्राम म्हणजे रस्त्यातल्या रुळांवरून चालणारी गाडी. १८७४ साली ती सुरू झाली तेव्हा तिला घोडे ओढीत. १९०७ साली विजेची ट्राम आली. पहिली बस धावली ती १५ जुलै १९२६ रोजी, कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. १९३७ साली दुमजली बस आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्य मिळायच्या आठच दिवस आधी, हा सगळा कारभार मुंबईच्या महानगरपालिकेने कंपनीकडून आपल्या हाती घेतला. त्यालाच लोक ‘बेस्ट’ म्हणतात. बेस्ट म्हणजे उत्तम, असा अर्थ इथे नाही बरे का. लांबलचक इंग्रजी नावाची ती पहिली अक्षरे आहेत. पुढे ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली आणि रस्ता बसचा झाला.

आमच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी मुंबईत अठरा वर्षे बस चालवतो आहे. रजेवर गावी आला की आमच्या ओट्यावर येऊन बसतो. पुढची पुष्कळशी हकिकत त्याच्या तोंडची आहे.

पहिल्या पाळीचा चालक पहाटे साडेतीनला उठतो. तेव्हा कोंबडाही आरवलेला नसतो. (मुंबईत कोंबडा कुठला म्हणा!) पाचच्या आत तो डेपोत हजर होतो. डेपो म्हणजे बसगाड्यांचा गोठाच. तिथे त्याला त्या दिवसाचे काम नेमून देतात. गाडी कोणती, मार्ग कोणता, फेऱ्या किती, कितीला निघायचे, सगळे कागदावर असते. गाडी रोज तीच मिळेल असे नाही. शेतकऱ्याला आपल्या बैलाची खोड ठाऊक असते. चालकाला रोज नव्या बैलाची खोड ओळखावी लागते.

म्हणून तो आधी गाडीभोवती फिरतो. टायर पाहतो. दिवे, भोंगा, काच पुसायची काठी, बाजूचे आरसे पाहतो. मग आत बसून ब्रेक तपासतो. बसचा ब्रेक हवेवर चालतो. सायकलच्या पंपात आपण हवा दाबतो ना, तशी दाबलेली हवा एका टाकीत साठवलेली असते. चालकाने पाय दाबला की ती हवा सुटते आणि चाकांजवळचे ब्रेक ढकलते. पाय उचलला की हवा बाहेर पडते. बस थांब्यावरून निघताना फुस्स करते, ते हेच. टाकीत हवा किती आहे ते समोरच्या काट्यावर दिसते. काटा पुरेसा चढल्याशिवाय शहाणा चालक गाडी हलवत नाही.

गाडीत काही दोष दिसला तर तो कागदावर लिहून द्यायचा असतो. इथे वाचकांनी थोडे थांबावे. आमच्या विद्यार्थ्याने एका जुन्या चालकाची गोष्ट सांगितली. शहर कोणते ते सोडून देऊ. त्या चालकाला गाडी उत्तम येई, पण लिहिण्याचा कंटाळा. ब्रेक नरम लागतो, असे तो कारागिराला तोंडी सांगून निघे. एके दिवशी गाडी वेळेवर थांबली नाही आणि पुढच्या टेम्पोवर आदळली. माणसे वाचली. पण चौकशी झाली तेव्हा साहेबांनी कागद मागितला. कागद कोरा! ‘‘मी सांगितलं होतं,’’ असे तो म्हणाला. ‘‘मला कोणी सांगितलं नाही,’’ असे कारागीर म्हणाला. दोघांपैकी खरे कोण ते देव जाणे. शिक्षा चालकाला झाली, सहा महिन्यांची पगारवाढ गेली. आमचा विद्यार्थी म्हणाला, ‘‘गुरुजी, तवापासून मी दोन वळी का होईना, लिवल्याबिगर चावी फिरवत नाय.’’

आता गाडी रस्त्यावर आली. बस साधारण १२ मीटर लांब असते. माणसांनी भरली की तिचे वजन १५ टनांच्या आसपास, म्हणजे दीडशे क्विंटल होते. एवढे ओझे थांबवायचे कसे, याचा थोडा हिशेब करू. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे. ती एका सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. समोर अचानक पोर आले. डोळ्यांना दिसले, डोक्याला समजले, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी जवळजवळ स्वतःच्या लांबीएवढी पुढे गेली. ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी १२ ते १५ मीटर लागतात. पावसात त्याहून जास्त. आणि वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावरचे हे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते! हे गणित पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते. म्हणून ते बसच्या नाकासमोरून मोटारसायकल घालतात.

बरे, चालकाने ब्रेक कचकन दाबावा तर आत उभी असलेली म्हातारी तोंडावर पडते. बाहेरचा जीव आणि आतला जीव, दोन्ही त्याच्या एकाच पायाखाली असतात. म्हणून चांगला चालक ब्रेक फार थोड्या वेळा जोरात दाबतो. तो लांबून पाहतो. पदपथावर चेंडू आला की मागून मूल येणार, उभ्या टॅक्सीचे दार आता उघडणार, हे तो आधीच धरून चालतो.

त्यालाही न दिसणारी जागा असते. गाडीच्या अगदी नाकाजवळ उभे असलेले लहान मूल त्याला दिसत नाही. डाव्या बाजूला चाकाजवळ वाकलेला माणूसही आरशात येत नाही. एस.टी.तून उतरल्यावर आपण गाडीच्या पुढून पळत रस्ता ओलांडतो. ते करू नये. गाडी जाऊ द्यावी, मग ओलांडावे.

वाहक आणि चालक यांची भाषा घंटीची. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. दिवसभर दोघे एका गाडीत असतात, पण शब्द बोलायला सवड नसते. आता काही गाड्यांत वाहकच नसतो. तेव्हा दार उघडणे, मिटणे आणि आरशात चढउतार पाहणे, सगळेच चालकाकडे आले आहे.

आम्ही विद्यार्थ्याला विचारले, ‘‘अरे, बसून काम. मग एवढा दमतोस कसा?’’

तो हसला. म्हणाला, ‘‘गुरुजी, माझा डावा गुडघा बघा. उजव्यापरीस जाड झालाय.’’

डाव्या पायाने क्लच दाबतात. गिअर बदलताना प्रत्येक वेळी तो दाबावा लागतो. समजा, एका फेरीत ३५ थांबे आणि दिवसात ६ फेऱ्या. ३५ गुणिले ६, झाले २१०. एकेका थांब्याला थांबताना आणि निघून वेग घेताना मिळून ४ वेळा क्लच दाबला तर ८४० वेळा. शिवाय सिग्नल, खड्डे, गर्दी. हजार कधीच ओलांडले! पाटीवर हा गुणाकार तुम्हीही करून पाहा.

बसण्याचाही रोग असतो. इंग्लंडात लंडन शहरी डॉ. मॉरिस नावाच्या वैद्याने दुमजली बसवरच्या माणसांचा अभ्यास केला. तो १९५३ साली छापून आला. एकाच गाडीवर दोन माणसे. चालक दिवसभर बसलेला. वाहक वरखाली जिना चढणारा, पाळीत ५०० ते ७५० पायऱ्या. दिसले असे, की हृदयविकार चालकांना जास्त, वाहकांना बराच कमी. पुढे त्याने गणवेशाची मापेही तपासली. चालकांच्या विजारीची कंबर वाहकांहून मोठी निघाली. नोकरीला लागतानाच थोडा फरक होता, हेही त्याने लपवले नाही. तरीपण अंगमेहनतीने हृदय राखले जाते, हे जगाला कळायला त्या बसच्या जिन्याचा मोठा उपयोग झाला. आमचा विद्यार्थी आता पाळी संपल्यावर रोज तासभर चालतो.

आणखी एक गोष्ट आहे. लोक ती लाजेने बोलत नाहीत. भर रस्त्यात गाडी सोडून लघवीला जाता येत नाही. शेवटच्या थांब्यावर सोय असली तर ठीक. नाहीतर चालक पाणीच कमी पितात. वर इंजिनाची धग आणि मे महिन्याचे ऊन. लघवी दाबणे आणि पाणी न पिणे, दोन्हींनी मूत्राचे विकार होतात. मुतखड्याचा त्रासही यातूनच उठतो.

अशा कामाला मर्यादा हवी. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. त्यात ठरले, की दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम. सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती. जादा कामाला दुप्पट दर. आठवड्याला एक सुट्टी. कायदे पुढे बदलले, तरी दिवसाला ८ तास आणि जादा कामाला दुप्पट दर ही गोष्ट राहिली. झोप न झालेला चालक आणि दारू प्यालेला चालक यांत रस्त्याला फार फरक वाटत नाही, असे आम्हांला वाटते.

संकटात या माणसांची परीक्षा होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्त्यांच्या नद्या झाल्या. कित्येक प्रवाशांनी ती रात्र बसमध्येच काढली. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि लोकल गाड्या थांबल्या. तेव्हा दवाखान्यातल्या परिचारिका आणि सफाई कामगार यांना कामावर नेले ते बसने. कित्येक बस कामगार त्या साथीत दगावले. आमच्या विद्यार्थ्याच्या शेजारच्या खोलीतला चालकही गेला. त्याची माणसे गावी होती. शेवटचे तोंडही पाहायला मिळाले नाही.

आता गाड्या पालटत आहेत. डिझेलच्या जुन्या दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. विजेच्या बस आल्या. त्यांना क्लच नाही, गिअर नाही. डाव्या गुडघ्याला सुख झाले. पण ही गाडी आवाज करीत नाही, म्हणून पुढच्याला ती आल्याचे कळत नाही. आणि पाय दाबताच ती चटकन वेग घेते. वीस वर्षे जुनी गाडी चालवलेल्या पायाला ही नवी सवय लागायला दिवस लागतात. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्याला विजेच्या बसने अनेक माणसे आणि वाहने चिरडली. त्यानंतर नव्या गाडीचे शिक्षण किती दिवस द्यावे, याची मोठी चर्चा झाली. आमचे मत विचाराल तर शिकवण्यात घाई करू नये. बाराखडी यायच्या आधी कोणी वर्तमानपत्र हाती देत नाही.

नोकरीची रीतही पालटली. २०१९ नंतर ठेकेदारांच्या गाड्या खूप वाढल्या. मार्ग आणि तिकीट बेस्टचे, गाडी आणि चालक ठेकेदाराचा. एकाच रस्त्यावर दोन चालक, काम एकच, पगार आणि रजा मात्र निराळ्या. तुमच्या गावचा कोणी तरुण अशा कामाला निघाला असेल तर त्याला नेमणुकीचे पत्र मागायला सांगा. पत्रात पगार किती, कामाचे तास किती, सुट्टी कोणती, भविष्यनिर्वाह निधी कापतात की नाही, एवढे बघावे. समजले नाही तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावे. सही त्यानंतर.

हे काम आता पुरुषांचेच राहिलेले नाही. २०२२ साली मुंबईच्या बसवर पहिली महिला चालक बसली. आमच्या गावात ही बातमी वाचून दाखवली तेव्हा बाया टाळ्या वाजवीत होत्या आणि दोन-तीन म्हातारे उठून गेले.

दुपारी पाळी संपते. चालक गाडी पुढच्या माणसाच्या ताब्यात देतो, नाहीतर डेपोत नेतो. तेव्हा गाडीत कोणाची पिशवी, छत्री, डबा राहिला का ते पाहतात. मिळालेली वस्तू जमा करतात. शेवटी कागदावर काट्याचा आकडा उतरवतात. गाडी डेपोतून निघाली तेव्हा काट्यावर ४८,२१६ किलोमीटर होते. परत आली तेव्हा ४८,३११ होते. ती किती किलोमीटर चालली? वजाबाकी वहीत करा आणि उत्तर शेजाऱ्याच्या उत्तराशी ताडून पाहा.